गोडाला सोकावलेली टाकी

आमच्या कारखान्याच्या मागे सांडपाण्याची एक मोठी टाकी आहे आणि सव्वीस वर्षं ती सांभाळणारे एक काका आहेत. होते म्हणायला हवं, पण जीभ वळत नाही. सगळे त्यांना टाकीवाले काका म्हणायचे. त्यांची बायको टाकीला सवत म्हणायची. "सुट्टीच्या दिवशीसुद्धा सवतीचं तोंड बघून आल्याशिवाय ह्यांना घास उतरत नाही," असं काकूंनी मला काकांसमोरच ऐकवलं होतं. काका नुसते हसले होते.

मी प्रयोगशाळेतली. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, एक जुना सूक्ष्मदर्शक आणि डगमगणारं स्टूल. रोज टाकीचं पाणी तपासायचं आणि आकडे लिहायचे, एवढंच काम. पंधरा वर्षं तेच केल्यावर माणूस आकडे बघतो, पाणी बघत नाही. माझं तसंच झालं होतं, हे आधीच सांगून टाकते.

काका मात्र पाणी बघायचे. टाकीतलं पाणी चहासारखं तपकिरी, तळातून हवेचे बुडबुडे येत असलेलं. त्यात राहतात जंतू, कोट्यवधी. कारखान्यातली यंत्रं धुतलेल्या पाण्यातली घाण ते खातात, म्हणून बाहेर पडणारं पाणी स्वच्छ असतं. काका त्यांना मंडळी म्हणायचे. सकाळी काचेच्या भांड्यात एक लिटर पाणी घ्यायचे, अर्धा तास कठड्यावर ठेवायचे आणि गाळ खाली कसा बसतो ते पाहून सांगायचे, "मंडळींचं पोट भरलंय आज." माझा रिपोर्ट दुपारी तेच सांगायचा, फक्त जास्त कागद वापरून.

पंचवीस वर्षं कारखान्यात गोळ्या बनायच्या, चोखायच्या, रंगीत. धुण्याच्या पाण्यातून टाकीत यायचा पाक. मग मालक बदलले, गोळ्यांची यंत्रं उचलली गेली आणि चीज बनायला लागलं. आता टाकीत येऊ लागलं दुधाचं आंबूस पाणी, आणि तिथेच घोडं अडलं. बाहेर सोडायचं पाणी तपासणीत नापास झालं. पंधरा दिवसांनी पुन्हा नापास.

साहेबांनी काकांना आणि मला बोलावून घेतलं. साहेब वाईट नाहीत, घाईत असतात. म्हणाले, "तिसरा नमुना सोळा तारखेला. तो गेला तर टाकी उपसून टाकू, बाहेरची कंपनी स्वतःचं यंत्र बसवेल. माझ्याही हातात काही नाही."

काका बाहेर येऊन कठड्याला टेकले. "उपसून टाकू म्हणे. सव्वीस वर्षांत एक दिवस रिकामी नाही झाली ही." नोकरीचं काय होईल हे त्यांनी विचारलंच नाही. निवृत्तीला दोन वर्षं होती.

मी म्हटलं, शिकतील हो मंडळी. खरंच शिकतात. दुधातली साखर म्हणजे दोन तुकडे एकमेकांना घट्ट चिकटलेले. ते तोडायला जंतूला वेगळं हत्यार लागतं, आणि ते त्याला आपल्याच अंगात घडवावं लागतं. त्यात शक्ती जाते, वेळ जातो. सोपं गोड समोर असेपर्यंत तो ती मेहनत करत नाही. गोड संपलं की थोडा वेळ नुसता थांबतो, वाढत नाही, आणि मग हत्यार घडवून दुधाला लागतो. यात काही नवल नाही, आपणही असेच आहोत.

पण आमची मंडळी काही दुधाला लागेनात. महिना होत आला. रोज सकाळी पाण्यातल्या प्राणवायूचा काटा तासभर खाली यायचा. जंतू खाताना प्राणवायू ओढतात, म्हणजे कुणीतरी काहीतरी खातंय. मला वाटायचं, लागली एकदाची दुधाला. मग काटा पुन्हा वर, आणि दूध जसंच्या तसं. माझ्या नाकी नऊ आले. शेवटी एका सकाळी, उगाच, हाताशी होती म्हणून, साधी साखर तपासायची कागदी पट्टी टाकीत बुडवली. पट्टी गडद झाली, म्हणजे पाण्यात साधी साखर होती.

गोळ्या बंद होऊन किती महिने झाले होते, मग ही साखर आली कुठून? मी तडक काकांकडे गेले. ते पंपाच्या खोलीत घमेलं धूत होते. घमेल्याच्या कडेला लाल, हिरवे तुकडे चिकटलेले. जुन्या गोदामात फुटक्या गोळ्यांची पोती पडून होती, ती काका रोज दोन-दोन घमेली टाकीत ओतत होते.

"काका, हे काय?"

"उपाशी आहेत ती, ताई. फेस बघा कसा पांढराफटक झालाय. थोडं ओळखीचं पोटात गेलं तर तग धरतील, मग घेतील हळूहळू दूध."

"तुम्ही गोड घालताय म्हणूनच ती दूध घेत नाहीत! महिना वाया गेला आपला. मला सांगायचं तरी!"

 काकांनी टाकीची नोंदवही पुढे केली. "लिहिलंय की रोज. तुमचीच सही आहे खाली."

खरंच लिहिलं होतं. सुवाच्य अक्षरात, रोज सकाळी सहा वाजता, 'खाऊ, दोन घमेली.' प्रत्येक पानाखाली माझी सही. एकही पान मी वाचलं नव्हतं. तेव्हा मला रागही आला नाही. फक्त बसावंसं वाटलं, म्हणून मी तिथेच उलट्या बादलीवर बसले.

सोळा तारखेला सात दिवस होते. काकांनी गोदामाची किल्ली माझ्या हातात दिली. "माझ्याकडे नको. माझा हात राहायचा नाही."

ते दिवस फार वाईट गेले. पहिल्या दिवशी काटा वर जाऊन बसला, हलेना. दुसऱ्या दिवशी भांड्यातला गाळ खाली बसेचना, पाणी गढूळच राहिलं. काका दर तासाला भांडं भरायचे आणि ओतून द्यायचे. जेवणाचा डबा तसाच परत न्यायचे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मेली असतील हो." मी नाही म्हटलं, पण माझाही जीव टांगणीला लागला होता. किल्ली खिशात टोचत होती आणि एकदा मीच गोदामापर्यंत जाऊन परत आले.

चौथ्या दिवशी सकाळी काकांची हाक आली. काटा खाली आला होता. तासाभराने पाहिलं, खालीच. दुपारीही खालीच.  काका तोंड धुवायला गेले ते बराच वेळ नळाशीच उभे होते.

सोळाचा नमुना पास झाला. टाकी राहिली.

साहेबांनी पुन्हा बोलावलं. खूश होते. पण मालकांना कारण कळवायचं होतं. "आधी दोनदा नापास का झालं? चूक कुणाची?"

मी तोंड उघडलं. त्याआधीच काका म्हणाले, "माझी. मी साखर टाकत होतो. ताईंनी थांबवलं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मला सांगता आलं असतं की त्या प्रत्येक पानावर माझी सही आहे. मी टेबलाकडे बघत राहिले. दोन मिनिटांत ठरलं. काका पुढच्या सोमवारपासून पॅकिंगला, खोक्यांना चिकटपट्टी लावायला. टाकी माझ्याकडे.

शेवटच्या शनिवारी काकांनी मला भांडं कसं धरायचं, फेसाचा वास कसा घ्यायचा ते दाखवलं. मला राहवलं नाही.

"काका, मी बोलायला हवं होतं. माफ करा. मला वाचवायला तुम्ही—"

"छे हो." ते भांडं फडक्याने पुसत होते. "तुम्हाला कशाला वाचवू? तुम्ही बोलला असता तर दोघांनाही काढलं असतं. मग मंडळींकडे कुणी बघायचं?"

भांडं त्यांनी माझ्या हातात दिलं. मी ते घट्ट धरलं. मला खूप लाज वाटली.

"आणि आता तरी," ते म्हणाले, "रोज वाचत जा."