खड्ड्याची टेकडी

जोडकाकांनी घोळ घातला तो असा, की मंगळावरच्या एका चांगल्या खोल खड्ड्याची त्यांनी बसल्या जागी टेकडी केली.

मंगळावर जी गाडी फिरते, तिला माणसासारखे दोन डोळे, म्हणजे दोन कॅमेरे. डावा एक फोटो पाठवतो, उजवा दुसरा. काकांनी दोन्हींची जोडी लावायची, लाल-निळ्या काचांचा चष्मा चढवायचा, आणि पडद्यावरची सपाट जमीन उभी राहिली, दगड वर, खड्डे खाली, की 'ठीक' म्हणून पुढे पाठवायची. माणसाने पाहिल्याशिवाय फोटो पुढे जायचा नाही, असा त्या अवकाश केंद्राचा दंडक. जोड्या लावता लावता काकांचं खरं नाव सगळे विसरले होते.

त्या दिवशी डाव्याच्या जागी उजवा गेला, आणि तसं झालं की खोल ते उंच दिसतं. शेजारच्या टेबलावर ती गाडी इथून चालवणारी बाई बसायची, काकांना मुलगी असती तर तिच्या वयाची. तिने चष्मा चढवला, थबकली, मग उलटा करून नाकावर धरला.

"काका, काल इथे खड्डा होता. आज टेकडी उगवली वाटतं?"

"भरला असेल कोणी."

"कोण भरणार? तिथे आपल्या गाडीशिवाय चिटपाखरू नाही."

खोली हसली. काकाही हसले. पण त्यांना टेकडी दिसली नव्हती आणि खड्डाही दिसला नव्हता. उजव्या डोळ्यात धुकं साचलं होतं, आणि ते हटणार नाही असं डॉक्टर म्हणाले होते. एका डोळ्याला सगळं जग कॅलेंडरवरच्या चित्रासारखं सपाट. घराची किल्ली कुलपाच्या अलीकडेच हवेत फिरायची. हसायला घरात कोणी नव्हतं, हीच काय ती सोय. बायको गेल्यापासून काका जे काही बोलत, ते या खोलीतच. डोळ्याचं सांगितलं तर खुर्ची जाणार, आणि खुर्चीबरोबर 'काका' म्हणणारी माणसंही. त्यांनी तोंड शिवून घेतलं.

पुढे त्यांनी सावल्यांवर भागवलं. ऊन कुठून येतंय ते कळलं की सावली चुगली करते, हा दगड, तो खळगा. मग एकदा ऐन दुपारचा फोटो आला. गाडीपुढे नुसती गुळगुळीत वाळू, सावली औषधालाही नाही. काकांनी चष्मा चढवला, काढला, पुसला, पुन्हा चढवला.

"पाठवताय की तिथेच मुक्काम?" बाईने विचारलं.

"जरा इकडे ये. तू बघ."

"का? चष्मा बिघडला?"

"चष्मा नाही. डोळा."

तिने त्यांच्या टेबलावरच्या कपाकडे पाहिलं.

"म्हणून चहा कपाबाहेर ओतत होतात. मला वाटलं, वय झालं."

"तेही झालंय."

तिने खुर्ची ओढली, स्वतःचा चष्मा लावला. "वाळू संपते, काका. त्या चपट्या दगडापुढे सरळ कडा आहे. गाडी गेली असती तर परत आली नसती."

"दे बरं तुझा चष्मा. माझ्याच काचा खराब असतील."

तिने दिला. काकांनी लावला. वाळू होती तशीच सपाट. "हं," म्हणत त्यांनी चष्मा खिशात घातला. ती मात्र बोलत राहिली, कडा कुठून वळतो, तळाशी काय पडलंय. इतक्या जवळ बसून त्यांच्याशी बऱ्याच दिवसांत कोणी बोललं नव्हतं.

साहेबांना काकांनी स्वतःच जाऊन सांगितलं. खुर्चीवर नवा माणूस आला. काका घरी बसले, आणि शर्ट धुवायला काढताना खिशात चष्मा निघाला.

बाईचा फोन आला. "काका, माझा चष्मा तुमच्याकडेच आहे ना?"

"आहे ना. उद्याच आणून देतो."

"सावकाश आणा. पण खाली रखवालदाराकडे ठेवून जाऊ नका, वर या."

चष्मा किल्लीशेजारी खिळ्याला लटकतो आहे. रोज बाहेर पडताना काका त्याच्याकडे बघतात, आणि नुसती किल्ली घेतात. देऊन टाकला, तर पुन्हा तिथे कोणत्या कामाने जायचं?