फ्लॉपीतली भातं

पस्तीस वर्षांपूर्वी मी मुठा खोऱ्यात घरोघरी हिंडून भाताच्या जुन्या वाणांची नावं गोळा केली होती. सगळ्यात जास्त नावं सांगितली ती मुठा गावातल्या एका बाईंनी. वर बजावलंही, "लिहून झालं की मला वाचून दाखवायचं." मी हो म्हटलं, यादी कॉम्प्युटरवर टाइप करून फ्लॉपीवर ठेवली आणि विसरले. कागद वाळवीनं खाल्ले; उरली ती फ्लॉपी.

निवृत्तीनंतर भुकूमला राहायला आले. पंपाची मोटर दुरुस्तीला मुठ्यात नेली, तर दुकानाच्या ओट्यावर त्याच बाई, आता ऐंशीच्या पुढच्या. ओळखून म्हणाल्या, "माझी यादी कुटं हाय?" मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुकान त्यांच्या मुलाचं. माझा माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर त्यानं चालू केला, पण त्याचा फ्लॉपी ड्राइव्ह मेला होता. भंगारवाल्यांकडे महिनाभर खेटे घालून त्यानं तसाच दुसरा मिळवला. स्पिरिटच्या बोळ्यानं तो साफ करताना त्याच्या काळ्याकुट्ट बोटांची हळुवार चाल बघत राहावी अशी होती.

मी मात्र जात्याच उतावळी. तो गिऱ्हाइकाशी बोलायला बाहेर गेला आणि मी ड्राइव्ह जोडायला घेतला. वायरच्या चपट्या पट्टीत शेवटच्या टोकाशी काही तारांना पीळ पडलेला दिसला. खराब असेल म्हणून ते टोक सोडलं आणि मधलं सरळ टोक दाबून बसवलं. ड्राइव्हचा दिवा लागला. झालं की! मी फ्लॉपी आत सरकवणार, तोच तो दारातून ओरडला, "बाई, थांबा! हात काढा!"

दिवा लागला तो लागलाच होता, विझत नव्हता. मी पट्टी उलटी बसवली होती. तशात फ्लॉपी घातली तर वाचायच्या ऐवजी पुसली जाते, हे त्यानं सांगितलं तेव्हा मी फ्लॉपी त्याच्या हातात देऊन टाकली.

"आन त्यो पीळ मुद्दाम दिलेला हाय," तो म्हणाला. "त्याच्यावरनंच कॉम्प्युटर पैला ड्राइव्ह वळकतो. समदंच सरळ करायचं नसतं, बाई."

वर्गात इतकी वर्षं मी शिकवलं, पण न दुखवता चूक दाखवणं मला असं कधी जमलं नाही. त्यानं पिळाचं टोक लावलं, पट्टीची लाल कड नीट बाजूला घेतली, आधी एक रिकामी फ्लॉपी चालवून बघितली. मग माझी घातली. ड्राइव्ह खरखरला, आणि यादी आली.

आली ती इंग्रजी अक्षरांत. त्या काळी तसंच टाइप करत होते मी. बाईंना आत आणून बसवलं आणि वाचायला लागले. "कालभात."

"काळभात!"

"पत्नी."

बाई खो खो हसल्या. "कुनाची गं? पाटनी म्हन, पाटनी!"

एकेक नाव त्यांनी माझ्याकडून नीट म्हणवून घेतलं. यादी संपली.

"लई उशीर केलास पोरी," त्या म्हणाल्या. "तवा ह्यातली निम्मी भातं आमच्या कणगीत व्हती."