नळ्या कोरड्या पडल्या तेव्हा

आपत्तीबाईंनी मागची भिंत स्वतःच पाडली, अशी बोलवा आहे. कुणी म्हणतं पहारीने, कुणी म्हणतं नुसत्या नजरेने. कोपऱ्यावरचा दुकानदार तर छातीठोक सांगतो, की बाईंनी भिंतीकडे पाहून "हं" केलं आणि भिंत मुकाट खाली बसली.

त्यातलं "हं" तेवढं खरं. बाकी सगळ्या थापा.

बाईंचा धंदा दुसऱ्यांच्या इमारती सांभाळण्याचा. मालक कुठेतरी लांब, भाडेकरू घरात, आणि मधला सगळा वैताग बाईंच्या डोक्याला: तुंबलेली मोरी, रुसलेली लिफ्ट, गळकी टाकी. टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या एका चार मजली इमारतीत, तळमजल्यावर त्यांचं एका खोलीचं ऑफिस. आलेल्याला बसायला खुर्ची मिळायची नाही, कारण खुर्चीवर दोर, दुसऱ्या खुर्चीवर बॅटऱ्या, टेबलाखाली वाळूच्या बादल्या, दाराआड स्ट्रेचर. लोक तहान लागल्यावर विहीर खणतात. बाई तहान कधी लागेल याची वाट बघत विहिरीच्या काठावरच बसलेल्या. म्हणून नाव पडलं आपत्तीबाई.

प्रत्येक मजल्यावर जिन्याशी त्यांनी एक स्पीकर बसवला होता आणि माइक ऑफिसात. मनात आलं की सराव. आधी खाकरणार, मग:

"हं. मी बोलतेय. गॅस बंद करा. चपला घाला. लिफ्टला हात लावू नका. जिन्याने उतरा आणि मागच्या दाराने अंगणात या. जो सामान आणेल त्याला मी परत वर धाडीन."

पहिल्यांदा लोक शिव्या घालत उतरले. मग नुसते कुरकुरत. मग नुसते उतरायला लागले. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर तर चपला दारातच जोडून ठेवत. झोपेतून उठवलं तरी या इमारतीतला माणूस मागच्या दाराकडेच वळेल, याचा बाईंना फार अभिमान होता. अंगणात, उंच दगडी भिंतीच्या सावलीत, त्या सगळ्यांची डोकी मोजायच्या आणि "हं" म्हणायच्या.

ती भिंत टेकडीची माती थोपवून धरायची. आतलं पाणी बाहेर पडावं म्हणून तिच्यात ठिकठिकाणी नळ्या होत्या. त्या बारमाही ठिबकत. अंगणात शेवाळ, शेवाळावर वॉचमनकाका, आणि वॉचमनकाकांच्या तोंडी त्या नळ्यांचा उद्धार.

बाईंच्या भावाची मुलगी शिकायला त्यांच्याकडे राहायला आली, तेव्हा तिने आठवडाभरात सगळ्यांचे आवाज उचलले. घसरता घसरता सावरणारे वॉचमनकाका, "बघतो, करतो, सांगतो" म्हणणारा लिफ्टवाला, आणि अर्थात आत्या.

"आत्या, मी माइकवर तुझ्यासारखं बोलले ना, तर वर कुणाला पत्तासुद्धा लागणार नाही."

"लागेल."

"पैज?"

"मी हरले तर माइक तुझा. तू हरलीस तर भिंतीच्या नळ्या दर रविवारी गजाने तू साफ करायच्या."

"किती दिवस?"

"भिंत उभी आहे तोवर. पण माइकवर थट्टा केलीस तर कान उपटीन. एकदा का लोकांना खोट्याची सवय लागली, की खऱ्याला कुणी उठत नाही."

म्हणजे पैज लागली, पण ताडून बघायची सोय नाही. भाचीने तोंड फुगवलं. तेही आत्यासारखंच.

मग आठवडाभर पावसाची झड लागली, आणि एका सकाळी लख्ख ऊन पडलं. दुपारी वॉचमनकाका हसत ऑफिसात आले.

"बाई, पेढे वाटा. अंगण वाळलं. नळ्या बंद झाल्या एकदाच्या."

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. त्या उठून मागे गेल्या. एका नळीत बोट घातलं. कोरडी. दुसरीत घातलं. कोरडी, आणि आत घट्ट चिखल. भिंतीला तळवा लावला तर ती गार होती, उन्हात असून. मग त्या बाजूला सरकल्या आणि एक डोळा मिटून भिंतीच्या कडेने पाहिलं. जेवण झालेल्या माणसासारखं भिंतीचं पोट पुढे आलं होतं.

"हं," त्या म्हणाल्या.

"पाणी संपलं असेल," काका म्हणाले.

"आठवडाभर पडलेलं पाणी कुठे जाईल, काका? ते आत उभं आहे. दाराला टेकून."

काकांचं हसू विरलं. "मग बोलवू सगळ्यांना खाली?"

बाईंनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. खाली म्हणजे कुठे? इथेच. याच भिंतीखाली. दोन वर्षं घासून घासून त्यांनी प्रत्येक पायाला हाच रस्ता शिकवला होता. आगीचा विचार केला, भूकंपाचा केला, लिफ्टच्या तुटक्या दोराचा केला. भिंतीकडे पाठ करून डोकी मोजली. वर, घराघरांत, माणसं दुपारची कलंडली होती.

मागच्या दाराला कुलूप घालावं, तर त्याची कडी त्यांनीच उपटून फेकली होती. बाहेर पडायचं दार बंद होता कामा नये म्हणून. त्या दारात कुणीतरी ठाण मांडून बसायला हवं होतं. आणि ज्या माणसाचं ऐकून लोक थबकतील, असं माणूस एकच होतं.

"काका, पुढचं फाटक सताड उघडा आणि तिथेच उभे राहा." मग ऑफिसच्या खिडकीतून, आत बसलेल्या भाचीला: "ए पोरी. माइक घे. माझ्यासारखं बोल. मागे नाही, पुढच्या फाटकाने, असं सांग."

"खरंच बोलू?"

"खरंच."

बाई स्टूल ओढून मागच्या दारात बसल्या, तोंड जिन्याकडे, पाठ भिंतीकडे. पाठीमागे कुठेतरी एक खडा सुटून टप्पकन पडला. वर स्पीकर खाकरला.

"हं. मी बोलतेय. गॅस बंद करा. चपला घाला. आज मागच्या दाराने नाही, पुढच्या फाटकाने बाहेर पडा. प्लीज."

स्वतःचाच आवाज जिन्यावरून आपल्याकडे उतरत येताना ऐकला, तेव्हा बाईंच्या अंगावर काटा आला. जणू आपण वर आधीच मेलो आहोत आणि हे मागे उरलेलं काहीतरी बोलतंय. मग चपला वाजायला लागल्या. जिना संपला की पाय कुठे वळतील, हे दिसायला बाईंना मान थोडी पुढे काढावी लागत होती. पहिले पाय पुढे वळले. दुसरेही. शिवणकामवाल्या काकू तेवढ्या सवयीने सरळ दारावर आल्या, गळ्यात टेप तसाच.

"अहो बाई, तुम्ही इथे? मग वर कोण..."

"पुढे व्हा."

"पण आपण तर नेहमी..."

"नेहमीचं विसरा. व्हा म्हणते ना."

काकू वळल्या. बाईंनी जाणारी डोकी मोजली, शेवटचं मोजलं, आणि मगच उठल्या. रस्त्यावर येऊन पुन्हा मोजत असताना इमारतीमागून आवाज आला. मोठा नव्हता. कुणीतरी जड उसासा टाकून बसावं तसा. मग फाटकातून लाल पाणी वाहत आलं आणि सगळ्यांच्या चपला भिजल्या. मागच्या दारात आता गुडघाभर दगडमाती होती. स्टूल अजून सापडलेलं नाही.

भाचीच्या डोक्यातून पैज काही जाईना. ती मास्तरांजवळ सरकली.

"आजोबा, आत्याचा आवाज आज नीट ऐकू आला ना?"

"तू होतीस ती," मास्तर म्हणाले. "पहिल्या 'हं'लाच कळलं. आणि तुझी आत्या जन्मात कुणाला प्लीज म्हणाली नाही."

"मग उतरलात कशाला? थट्टा वाटली नाही?"

"अगं, बाई स्वतः बोलल्या असत्या तर सराव समजून सावकाश आलो असतो. त्या माइक दुसऱ्याच्या हातात देतात म्हणजे पाणी डोक्यावरून गेलंय. सगळा मजला तेच म्हणाला. मी तर चहा गॅसवरून उतरवलासुद्धा नाही, नुसता बंद केला."

आत्याने ऐकलं. भाचीकडे पाहिलं.

"भिंत उभी आहे तोवर, असं ठरलं होतं," भाची घाईने म्हणाली. "भिंत पडली."

"नवी बांधतील की."

बांधली. पैज हरलेल्या त्या भाचीनेच हे सगळं लिहिलं आहे. हल्ली दर रविवारी ती गज घेऊन नळ्या मोकळ्या करते, आणि सरावाला लोक आता जमतात रस्त्यापलीकडे. गेल्या रविवारी एक नळी कोरडी निघाली. तिने गज खाली ठेवला आणि आत्याला हाक मारली, कुणाचाही आवाज न काढता.