मेट्रनताईंच्या निरोपाचा व्हिडिओ

घरात त्यांना सगळे ‘डायरेक्टर’ म्हणत, आणि ही पदवी त्यांनी कष्टानं कमावलेली होती. कुणाचाही समारंभ असो, गळ्यात कॅमेरा अडकवून ते हजर व्हायचे आणि हातात ताट घेतलेल्या भुकेल्या माणसांना भिंतीशी उभं करून म्हणायचे, “नैसर्गिक हसा!” नोकरीत असताना ते विमा कंपनीत दावे तपासायचे. म्हणजे घर जळालेल्या माणसाला, तुमचं घर नियमात बसेल असं जळालेलं नाही, हे शांतपणे समजावून सांगायचे. निवृत्तीनंतर एवढी बारीक नजर वाया जाऊ नये म्हणून ती त्यांनी फोटोग्राफीला दान केली.

त्यांची थोरली बहीण एका इस्पितळात मेट्रन होती. ताई निवृत्त झाल्या तेव्हाच्या निरोप समारंभाचं चित्रीकरण डायरेक्टरांनी स्वतःकडे घेतलं, म्हणजे कुणी नको म्हणायच्या आत सुरूच केलं. घरी येऊन कार्ड कॉम्प्युटरला लावलं, फोटोंचं सॉफ्टवेअर उघडलं, इम्पोर्टचं बटण दाबलं. हिरवी पट्टी सरकत सरकत टोकाला गेली. “इम्पोर्ट पूर्ण झाले,” असं कॉम्प्युटर म्हणाला. फोटो मात्र एकही दिसेना.

डायरेक्टरांनी पुन्हा बटण दाबलं. आता कॉम्प्युटर म्हणाला, हे सगळे फोटो आधीच आलेले आहेत, डुप्लिकेट घेणार नाही.

“आलेत तर दाखव ना!” डायरेक्टर पडद्यावर ओरडले. अर्जदाराला कागद आधीच जमा आहेत म्हणून परत पाठवण्याचा खेळ त्यांना चांगला ठाऊक होता; फक्त आजवर ते खिडकीच्या दुसऱ्या बाजूला असायचे.

डुप्लिकेट नकोत ही खूण त्यांनी काढून टाकली आणि पुन्हा इम्पोर्ट केलं. मग आणखी एकदा. मग कार्डावर फुंकर मारून, शर्टाला पुसून, उलटं घालायचा प्रयत्न करून. शेवटी डिस्कमध्ये जागा उरली नाही आणि कॉम्प्युटर धापा टाकायला लागला.

त्यांची बायको चहा घेऊन आली. डायरेक्टर तावातावानं जुनी वर्षं वरखाली करत होते. तिनं कप ठेवता ठेवता पडद्याकडे पाहिलं.

“हे कधीचं वर्ष उघडलंय?”

“आपण या घरात राहायला आलो त्याच्याही आधीचं. तुला काय करायचंय?”

“काही नाही. तेव्हा ताईंचे केस काळेभोर होते. इथे तर पांढरे दिसतायत, आणि एकच फोटो पाच-पाच वेळा.”

डायरेक्टरांनी चष्मा सारखा केला. कॅमेऱ्याची बॅटरी संपून बरेच दिवस पडून राहिल्यानं त्याचं घड्याळ मागं जाऊन बसलं होतं, आणि सॉफ्टवेअरनं इमानेइतबारे सगळा समारंभ त्या जुन्या वर्षात नेऊन ठेवला होता. पाचही वेळा.

“मला शंका होतीच,” म्हणत डायरेक्टरांनी चार जादा प्रती पुसून डिस्कमध्ये जागा केली.

व्हिडिओ मात्र जुन्या वर्षातही नव्हते. मग त्यांनी मदतकेंद्राला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकल्यावर एक मुलगी बोलली. सॉफ्टवेअर सदोष आहे, याची लेखी कबुली द्या, अशी डायरेक्टरांनी सुरुवात केली.

“सर, इम्पोर्टच्या चौकटीत वर ‘फक्त फोटो’ निवडलंय का?”

“...हो. पण ते कुणी निवडलं?”

“सर, ते आपोआप निवडलं जात नाही.”

डायरेक्टरांनी आवाज नीट येत नसल्याचं सांगून फोन ठेवला. ‘फक्त फोटो’ काढून ‘सर्व’ केल्याबरोबर व्हिडिओ धडाधड आले. त्यातली एक फाइल चांगली दांडगी होती. ताईंचं भाषणच असणार! आधी एकदा पाहून घ्या, असं बायको म्हणाली. पण प्रथम दर्शन सर्वांसोबतच व्हायला हवं, असा कलावंताचा आग्रह पडला.

रविवारी ताई आणि त्यांचे यजमान, म्हणजे डायरेक्टरांचे भावोजी, खास त्यासाठी आले. चहाचे कप मांडले गेले, पडदे ओढले गेले. डायरेक्टरांनी चार शब्द प्रास्ताविक केलं आणि फाइल चालू केली.

पडद्यावर छत आलं. इस्पितळाच्या सभागृहाचं, पंख्यासकट. ते हलेना. भाषणाच्या वेळी कॅमेरा आधीच चालू होता, तो सुरू करायला म्हणून बटण दाबून डायरेक्टरांनी बंद केला होता, आणि भाषणानंतर बंद करायला म्हणून दाबल्यावर तो सुरू झाला होता. मग त्याला जेवणाच्या टेबलावर उताणा ठेवून ते हात धुवायला गेले होते.

छतातून भावोजींचा आवाज आला. “याच्या एका तरी फोटोत मी अख्खा आलोय का? माझा नुसता कान येतो.”

“काढू द्या हो,” छतातून डायरेक्टरांची बायको म्हणाली. “डोळा कॅमेऱ्याला असला की तोंड बंद असतं. मला तेवढाच विसावा.”

डायरेक्टर बंद करायला ताडकन उठले.

“बस खाली,” ताई म्हणाल्या. वॉर्डातला आवाज होता तो. ते बसले.

“हे तू बोललीस?” त्यांनी बायकोला विचारलं.

“आवाज माझ्यासारखा वाटतोय खरा,” ती म्हणाली. “पण चित्रात मी कुठं आहे? पुराव्याशिवाय दावा कसा मंजूर करायचा?”

तेवढ्यात छतातून ताईच बोलू लागल्या. “भाषणात म्हटलं, सगळ्यांची फार आठवण येईल. कसली आठवण! मी सकाळी वॉर्डात पाऊल टाकलं की मोठमोठे डॉक्टरसुद्धा गप्प व्हायचे, त्याची आठवण येईल. उद्यापासून मी आले म्हणून कोण गप्प बसणार आहे?”

भावोजी ताईंकडे बघत राहिले. घरी त्या हे कधी बोलल्या नव्हत्या. मग ताईच खो-खो हसल्या, डोळे पुसावे लागले इतक्या.

“हेच खरं भाषण माझं,” त्या म्हणाल्या. “ते दुसरं गेलं ते बरं झालं. पुन्हा लाव रे.”

पुन्हा लाव, असं डायरेक्टरांच्या कुठल्याही कलाकृतीला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. वर भावोजींनी प्रत मागितली. डायरेक्टर चेहरा पाडून बसले होते, ते हळूहळू सरळ झाले. त्यांनी घसा साफ केला.

“छतावरचा प्रकाश बघितलात?” ते म्हणाले. “माणसं चौकटीत असली की मोकळं बोलत नाहीत. म्हणून मी मुद्दामच...”

“अहो,” बायको म्हणाली, “चहा गार होतोय.”