जिन्यातली बाटली

मुलुंडच्या डायलिसिस सेंटरमधली टेक्निशियन मुलगी मला मशीन लावण्याआधी फिल्टरच्या नळकांड्याला टिचक्या मारते, बुडबुडे निघावेत म्हणून. "आत केसासारख्या नळ्या आहेत ना काका, त्यांच्या भिंतीतून कचरा बाहेर जातो, रक्त आत राहतं."

मला नसत्या चौकशा फार. "कुणाला सोडायचं, हे भिंतीला कळतं कसं?"

"कळत काही नाही. भोकंच बारीक. मोठं अडकतं, बारीक पलीकडे पळतं."

आम्हा पेशंटना दिवसाला मोजकंच पाणी प्यायची परवानगी असते. तिला मात्र ऐन मे महिन्यातही पाणी पिताना मी कधी पाहिलं नव्हतं. परवा लिफ्ट बंद होती, म्हणून जिन्यानं चढलो. तिथे ती पाठमोरी उभी राहून घटाघटा बाटली रिकामी करत होती.

"आतच पी की गं."

"नको काका," ओठ पुसत ती म्हणाली, "तुम्ही सगळे माझ्या घशाकडे बघत बसता."