कंपाउंडरांचं नाक

सोनईला आमच्या डॉक्टरांकडचे म्हातारे कंपाउंडर हल्ली बाटलीवरची चिठ्ठी न वाचता बूच काढून वास घेत. चष्म्याचं विचारलं की म्हणत, "नाकाला चाळिशी लागत न्हाई, मास्तर."

त्या दिवशी त्यांना सर्दी होती. आईचं औषध बनवताना ते दोन बाटल्या पुन्हा पुन्हा हुंगत राहिले.

"काका, मी वाचू का?"

"बी.ए. झालात म्हनून आमाला शिकवता व्हय? बसा."

मी बसलो. लहानपणी त्यांच्याच औषधानं मी बरा झालो होतो.

औषध तयार झाल्यावर त्यांनी एक डोस स्वतःच घेतला आणि पंधरा मिनिटं स्टुलावर बसून राहिले. मग बाटली माझ्याकडे दिली. "न्या. काय हुत न्हाई."

घरी आईच्या आधी मीही एक डोस घेतला आणि तिला काही न सांगता उंबऱ्यावर बसून राहिलो.