जर्मनचा पिस्टन

माझ्या माहेरी ॲल्युमिनियम हा शब्द कुणाच्या तोंडात बसत नसे. त्या हलक्या, पांढऱ्या भांड्यांना आम्ही जर्मन म्हणायचो. जर्मनचा टोप, जर्मनची परात, जर्मनचा डबा. लग्नात आईने मला त्याचा अख्खा संच दिला, तेव्हा रत्नागिरीत त्याचं भारी अप्रूप होतं. शेजारणी एकेक भांडं उचलून बघत आणि हाताला वजनच लागत नाही म्हणून हसत. त्याच एका शब्दाने माझा संसार वितळवला. आता इतकी वर्षं झाली, तरी हे सांगताना माझा आवाज चढतोच.

आमच्या ह्यांची रत्नागिरी ते लांजा अशी उतारू नेणारी सर्व्हिस मोटर होती. कुणाकुणाच्या हाताखालून गेलेली, खिळखिळी, पण ह्यांचा जीव की प्राण. मला कधीकधी वाटे, ह्यांचं लग्न तिच्याशीच लागलंय आणि मी नुसती वऱ्हाडात आलेय. उन्हाळ्याच्या अखेरीस अंजणारीची चढण चढताना तिचा एक पिस्टन फुटला. तिचे सिलिंडर झिजल्यामुळे आधीच कापून मोठे केलेले होते, त्यामुळे मुंबईचा तयार पिस्टन त्यात बसेना. नवा ओतायचा तर इथेच, आपल्या हाताने. नाही जमलं तर मोटर भंगारात आणि हे मुंबईला.

आमच्या वाडीतल्या निम्म्या घरांतले पुरुष मुंबईलाच होते. त्यांच्या बायका वर्षातले दिवस कसे काढतात, ते मी रोज बघत होते. मला तसं राहायचं नव्हतं. पावसाळ्यात आगबोटी बंद असत, तेवढीच आम्हाला सवड. बोट सुरू झाली आणि मोटर उभीच असली, तर हे जाणार, असं ठरलं होतं.

ह्यांचा एक मित्र मुंबईत मोटरींच्या कारखान्यात कामाला होता. पावसाआधीच्या शेवटच्या बोटीने तो परत निघाला, तेव्हा ह्यांनी त्याला बंदरावर गाठलं. गडबड चाललेली, वारा सुटलेला. बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात चढता चढता तो ओरडला, "चढनीला टिकायचां असंल तर जर्मनच लागंल! जुनां मिळंल तेवढां गोळा कर नि वितळव!"

हे घरी आले ते थेट चुलीपाशी. पायातल्या वहाणासुद्धा काढल्या नव्हत्या.

"परात दे गो."

मी दिली. का नाही देणार? फुटका पिस्टनही तसाच पांढरा आणि हलका होता. शंका यावी असं त्यात काही नव्हतंच.

देवळांच्या घंटा आणि समया ओतणारा एक ओतारी आमच्या शेजारी राहायचा. त्याच्या परड्यात भट्टी पेटली. भाट्याच्या पुळणीवरची वाळू आणि खाचरातली माती कालवून साचा केला. पहिला पिस्टन असा काही सुंदर निघाला, की मी त्याला हळदकुंकू लावलं. कातून, घासून तो बसवला. मोटर माळनाक्याच्या चढापर्यंत गेली, तापली, किंचाळली आणि थांबली. खोलून बघितलं तर पिस्टन सिलिंडरला चिकटून ओरबाडून निघालेला. नखाने रेघ उठावी इतका तो मऊ होता.

मग ह्यांनी त्यात तांबं घालायला सुरुवात केली. थोडं घातलं की कडक व्हायचा, पण चढावर तापला की पुन्हा मऊ. जास्त घातलं की साच्यातच तडकायचा. दर खेपेला बराचसा धातू मळीत जायचा आणि हे पुन्हा माझ्या भांड्यांच्या फळीकडे बघायचे. डबे गेले, झाकण्या गेल्या, देवाचं ताम्हण तांब्यापायी गेलं. मी भाता ओढायला बसू लागले. घरात बसून वाट बघण्यापेक्षा ते बरं होतं. बाहेर पाऊस कोसळत होता आणि तो थांबू नये म्हणून मी देवाला नवस बोलत होते. तो थांबला की बोटी सुरू होणार. अख्ख्या वाडीला उघडीप हवी होती, मला एकटीला नको होती.

श्रावण सरत आला तेव्हा फळीवर फक्त आईचा भाताचा टोप उरला. हे तो मागेनात. नुसते चुलीपाशी बसून राहिले, जेवणाचं ताट तसंच. त्यांचे हात पोळून पोळून काळे झाले होते. मला त्यांची दया आली आणि संतापही आला. टोपातला भात मी मडक्यात काढला, टोप घासला आणि त्यांच्या पुढ्यात आदळला.

"घ्या! ह्याचा तरी नीट ओता."

त्या टोपाचा पिस्टन सगळ्यांत चांगला निघाला, असं ओतारीही म्हणाला. आता फक्त कातून त्यात दांडा अडकवायच्या खिळीचं आरपार भोक पाडायचं राहिलं होतं. तेवढ्यात बंदरावर बोटीचा भोंगा वाजला.

पहिल्याच बोटीने तो मित्र गणपतीला आला. अंगणात मांडून ठेवलेले सगळे पिस्टन त्याने एकेक करून हातात घेतले आणि विचारलं, "ह्यां कशाचां ओतलांस?"

"जर्मनचां. तूच सांगितलंस ना?"

तो आधी हसला. मग त्याची नजर माझ्या रिकाम्या फळीवर गेली आणि हसणं तिथेच थांबलं.

"वयनी, जर्मन म्हंजे टोप नाय गो! जर्मनी देशातनं येतंत त्या पिस्टनांची मोड. त्यात वाळूतनं काडलेला कायतरी मिसळलेला असतां, म्हनून ते झिजत नायत. घरात बसून तां नाय होयाचां."

वाळू! समोर भाट्याची अख्खी पुळण पडली होती. आम्ही तीच वाळू साच्याला वापरली होती. हे एकेक पिस्टन उचलून अंगणाच्या कोपऱ्यात रचू लागले. मी मात्र त्या माणसाला नाही नाही ते बोलले आणि मग पदर तोंडात कोंबून रडले.

गणपती गेले आणि मागोमाग हेही गेले. बंदरावर मी सगळ्यांदेखत म्हटलं, "नका जाऊ." त्यांनी मान वळवली नाही. मुंबईत मित्राने त्यांना आपल्याच कारखान्यात लावलं. तिथे ते पिस्टन ओतत. न झिजणारे.

मोटर भंगारात गेली. आईच्या टोपाचा तो शेवटचा पिस्टन मात्र मी कुणाला दिला नाही. तो आतून वाटीसारखा पोकळ आहे आणि भोक पाडायचं राहिल्यामुळे त्यातून काही गळत नाही. तांदूळ मोजायला तो बरा पडतो. तो भरून घेतला की एका माणसाचा भात होतो.